एक स्केल, एक मोहीम: मराठवाड्यात रणगाड्यांचा आणि सैनिकांचा संग्रह कसा उभा करावा

एक जर्मन टायगर, एक रशियन टी-३४, जत्रेतून आणलेले हिरवे सैनिक आणि कुणीतरी भेट दिलेला धातूचा रणगाडा. सुरुवातीचे बहुतेक संग्रह असेच दिसतात. एका फळीवर मांडले की मापं जुळत नाहीत आणि कुणाचं कुणाशी नातंही लागत नाही. म्हणून मॉडेलचा पहिला डबा विकत घेण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: स्केल (मॉडेल खऱ्या वस्तूपेक्षा किती पट लहान) कोणतं आणि मोहीम कोणती. पुढची सगळी खरेदी या दोन उत्तरांवरून होते.

स्केल

रणगाड्यांसाठी सर्वांत जास्त किट (सुटे भाग जोडून मॉडेल करायचे डबे) १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मापात मिळतात. हा आकडा थोडा अडनिडा वाटतो, पण त्यामागे साधं कारण आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं त्याचं माप ठेवलं, आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं. शर्मन रणगाडा प्रत्यक्षात सुमारे ५.८ मीटर लांब. म्हणजे १/३५ मध्ये तो साधारण १६.५ सेंटीमीटर होतो, १/४८ मध्ये १२ आणि १/७२ मध्ये ८. टी-९० तोफेसकट साडेनऊ मीटर, म्हणजे १/३५ मध्ये २७ सेंटीमीटर. तीस सेंटीमीटर खोलीच्या फळीवर तो जेमतेम बसतो. त्यामुळे आधी कपाट मोजा आणि मग स्केल ठरवा. दोन खोल्यांच्या घरात वीस रणगाडे हवे असतील तर १/७२ घ्या. चेहरे, पगड्या आणि पट्टे रंगवण्याची आवड असेल तर १/३५ ला पर्याय नाही.

सैनिकांच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो, कारण त्यांची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. पावणेसहा फुटी माणूस १/३५ मध्ये ५० मिलिमीटर येतो आणि १/७२ मध्ये २४. ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली, आणि त्यांच्यामुळे रूढ झालेलं ५४ मिलिमीटर हे माप जवळपास १/३२ आहे. ५४ चा सैनिक १/३५ च्या रणगाड्याशेजारी उभा केला तर तो सहा फुटांहून उंच दिसतो. चार मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हॅचमधून, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या झाकणातून, डोकावणाऱ्या माणसाचं डोकं हॅचइतकं मोठं दिसू लागलं की तो लपत नाही. ५४ मिलिमीटरवाल्यांना वेगळी फळी द्या.

मोहीम

मराठवाड्यातल्या संग्राहकाला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचं सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरलं. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, चिलखती तुकड्या जळकोटवरून त्याच दिवशी उमरग्यापर्यंत गेल्या, आणि पाच दिवसांत संस्थान शरण आलं. आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतो तो याचाच. हा रस्ता, हा काळा दगड आणि सप्टेंबरात उभी असलेली ज्वारी आपल्या रोजच्या पाहण्यातली. अशा विषयावर केलेलं मॉडेल पाहणाऱ्याला चुका लगेच सापडतात, म्हणून करणाराही नीट काम करतो.

त्या काळात भारतीय रेजिमेंट्सकडे शर्मन आणि हलके स्टुअर्ट रणगाडे होते. दोन्हींची १/३५ मधली किट सहज मिळतात. दोन शर्मन, एक स्टुअर्ट, एक ट्रक, एक जीप आणि बारा-पंधरा सैनिक एवढ्यात मोहीम उभी राहते. दोन-तीन वर्षांचं काम आहे.

पुढच्या काळात जायचं असेल तर १९६५ ची पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळची लढाई घ्या: आपल्याकडून सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३ रणगाडे, समोर पाकिस्तानचे पॅटन. किंवा १९७१ ची बसंतरची लढाई घ्या, ज्यात पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन होता. छत्रपती संभाजीनगरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत अहिल्यानगरला १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सेंच्युरियन आणि विजयंत तिथे हात लांब केला की पोहोचेल एवढ्या अंतरावर उभे आहेत. जाताना वही न्या. फोटोला परवानगी आहे का ते तिकिटाच्या वेळीच विचारा, आणि चाकांवरची धूळ कुठे साचते, रंग कुठल्या कडांवर झिजतो, वेल्डिंगची रेघ किती जाड आहे हे लिहून आणा. किटच्या सूचनापत्रात हे नसतं.

डबा घेताना

‘शर्मन’ एवढंच नाव पाहून डबा उचलू नका. दुसऱ्या महायुद्धात बर्मात भारतीय रेजिमेंट्स मुख्यतः शर्मन ५, म्हणजे एम४ए४ चालवत होत्या. या प्रकारात मागचं इंजिन मोठं असल्याने सांगाडा लांबवलेला होता. ओळखायची खूण सोपी आहे: चाकांच्या तीन जोड्यांमधलं अंतर जास्त दिसतं आणि चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यात ७९ ऐवजी ८३ कड्या असतात. दुकानात सगळ्यांत जास्त दिसतो तो एम४ए३. तो बांधायला उत्तम, पण भारतीय शर्मन म्हणून मांडण्याआधी त्या त्या वर्षाचा फोटो शोधून चाकांमधलं अंतर पाहा.

वापरलेलं किंवा जुनं किट घेताना डबा उघडूनच घ्या. किटचे भाग प्लास्टिकच्या चौकटींना, म्हणजे फ्रेमना, जोडलेले असतात, आणि सूचनापत्रावर फ्रेमच्या अक्षरांचा नकाशा असतो. ए, बी, सी अशी एकेक फ्रेम त्याच्याशी ताडून पाहा. डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) पिवळे पडले असतील तर किट नाकारू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठ-दहा दिवस उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवले की पिवळेपणा बराच उतरतो. मात्र डिकलच्या थराला तडे गेलेले असतील तर ते पाण्यात चुरा होणार, हे धरून चाला.

धातूचे तयार रणगाडे घेताना भिंगाखाली कडा तपासा. जस्ताच्या ओतीव मिश्रणात शिसं मिसळलेलं राहिलं तर धातू आतून फुगतो, केसासारख्या भेगा पडतात आणि काही वर्षांत तुकडे होतात. यावर इलाज नाही. अशी वस्तू स्वस्तातही घेऊ नये.

एप्रिल-मेमध्ये रेझिनचे (साच्यात ओतून केलेल्या प्लास्टिकचे) भाग मागवणं टाळा. कुरिअरच्या बंद गाडीत तोफेची नळी केळ्यासारखी वाकते. वाकलीच तर गरम, पण उकळत्या नसलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, काचेवर सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

हत्यारं

निम्मी हत्यारं आपल्याच बाजारात मिळतात. सराफ्यात सोनारकामाच्या बारीक कानशी आणि डोळ्याला लावायचं भिंग, घड्याळवाल्याकडे टोकदार चिमटे, हार्डवेअरच्या दुकानात ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर. बाहेरून मागवायचं ते एवढंच: प्लास्टिक कापायचा चपटा निपर, ११ नंबरच्या पात्याची सुरी आणि तामियाचं एक्स्ट्रा थिन हे पातळ सिमेंट. फेव्हिक्विक फक्त धातू आणि रेझिनसाठी ठेवा. प्लास्टिकवर सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, फेव्हिक्विक नुसतं मध्ये बसतं आणि धक्क्याने सुटतं.

बांधणी

१. सगळ्या फ्रेम भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. साच्यातून निघताना लागलेला तेलकट थर राहिला तर रंग पापुद्र्याने निघतो.

२. भाग फ्रेमपासून दोनदा कापा. पहिल्यांदा दोन मिलिमीटर दूरवरून, मग भाग हातात धरून अगदी लगत. एकाच फटक्यात लगत कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा खड्डा पडतो, आणि तो रंगातूनही दिसतो.

३. खालचा सांगाडा आधी जोडा. शर्मनला एका बाजूला तीन बोगी (चाकांच्या जोड्या) आणि सहा चाकं. सिमेंट ओलं असतानाच सांगाडा काचेवर ठेवा. बाराच्या बारा चाकं काचेला टेकलीच पाहिजेत. एखादं वर राहिलं तर ते आत्ताच खाली दाबा. हे राहून गेलं तर पूर्ण झालेला रणगाडा एका पायावर उभा असल्यासारखा दिसतो आणि मग काही करता येत नाही.

४. तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर सिमेंट थोडं जास्त लावून दाबा, सांध्यातून बारीक मणी बाहेर येऊ द्या आणि एक दिवस वाळू द्या. मग नळी बोटांत फिरवत घासा. एकाच जागी घासली तर नळी चपटी होते, आणि पाहणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाते.

५. पट्टे सर्वांत शेवटी. इथे थोडं थांबून समजून घ्या. किटमधले काळे मऊ पट्टे व्हिनाइलचे असतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला द्रव हळूहळू बाहेर पाझरतो आणि ज्याला टेकलेला असतो त्या कडक प्लास्टिकला विरघळवतो. दहा वर्षांनी कपाटातून काढलेल्या जुन्या मॉडेलची चाकं पट्ट्यात वितळून रुतलेली दिसतात, गुळाच्या ढेपेत बोट रुतावं तशी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडतं. म्हणून चाकांच्या कडांना रंगाचे दोन थर आणि वर वार्निशचा एक थर देऊन पूर्ण वाळवल्याशिवाय व्हिनाइलचा पट्टा चढवू नका. कडक प्लास्टिकच्या सुट्या कड्यांचे पट्टे असतील तर हा धोका नाही. वेळ जास्त जातो, तरी आमची पसंती त्यांनाच.

पट्ट्याचा झोलही रणगाड्यागणिक बदलतो. शर्मनला वरून आधार देणारे रोलर असल्याने पट्टा बराचसा ताठ राहतो. टी-५५ ला असे रोलर नाहीत, म्हणून वरचा पट्टा चाकांवर विसावतो. त्याचं पहिलं आणि दुसरं चाक एकमेकांपासून जास्त दूर असतं, तिथे झोल नीट दाखवा.

रंग आणि आपली हवा

पुस्तकातलं रंगाचं प्रमाण थंड देशातल्या खोलीसाठी असतं. मे महिन्यात पारा ४२ वर असताना तेच प्रमाण धरलं तर रंग हवेतच वाळतो आणि मॉडेलवर रव्यासारखा बसतो. उन्हाळ्यात फवारणी सकाळी नऊच्या आत उरका. एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाची) सुई ०.३ मिलिमीटर, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर आठ ते दहा सेंटीमीटर. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकला एरवी एक भाग रंग आणि एक भाग एक्स-२०ए थिनर पुरतो. उन्हाळ्यात थिनर दीड भाग करा आणि रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन-तीन थेंब टाका. स्प्रे कॅन वापरत असाल तर एरवीच्या पंचवीसऐवजी अठरा-वीस सेंटीमीटरवरून, पातळ आणि झटपट फिरवत मारा. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवेत लॅकरवर पांढरट धुकं चढतं. झड लागलेली असेल तर त्या दिवशी वार्निश करू नका.

लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच कॉम्प्रेसर लावा. थर अर्धवट असताना वीज गेली तर मॉडेलला काही होत नाही, पण एअरब्रशमधला रंग पंधरा मिनिटांत घट्ट बसतो. थिनरची बाटली उघडी हाताशी ठेवा आणि वीज जाताच कप धुवा.

शर्मनसाठी तामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब थेट मारला तर छोट्या मॉडेलवर तो फार गडद दिसतो. चार भागांत एक भाग एक्सएफ-६० डार्क यलो मिसळा. आडव्या पृष्ठभागांवर अजून थोडा फिका हात द्या, कारण ऊन तिथेच पडतं.

डिकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा थर हवाच. खडबडीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते. पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर डिकलभोवती पांढरी कड उमटते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. कोमट पाण्यात पंधरा सेकंद, मग चिमट्याने काढून एक मिनिट तसंच ठेवा, आणि डिकल कागदावरून आपोआप सरकू लागला की जागेवर न्या.

मळकटपणासाठी बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा आणि खाचांमध्ये टेकवा. सगळ्या मॉडेलला न्हाऊ घालू नका. टर्पेंटाइन न रंगवलेल्या, ताण असलेल्या प्लास्टिकमध्ये शिरलं तर ते ठिसूळ होतं, आणि सस्पेन्शनचे बारीक दांडे आपोआप तुटलेले आढळतात. खालची, न दिसणारी बाजूही म्हणूनच रंगवायची.

जमीन

नळदुर्गच्या रस्त्यासाठी खरी माती वापरायचा मोह होतो, आणि वापरावीही, पण रीत आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. मे महिन्यातल्या शेतात भेगा पडतात, तशाच त्या तुमच्या पाटावरही पडतील. म्हणून उंचसखल भाग थर्माकोलचा करा, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा तीन मिलिमीटर थर द्या, आणि माती फक्त वरच्या कातडीपुरती घ्या. माती दोन दिवस कडक उन्हात वाळवा, कुटा आणि वस्त्रगाळ करा. १/३५ मध्ये पाव मिलिमीटरचा कण म्हणजे जवळजवळ एक सेंटीमीटरचा खडा, त्यामुळे चहाच्या गाळणीवर भागत नाही. फेव्हिकॉल एक भाग आणि पाणी दोन भाग हे मिश्रण ब्रशने लावून वरून माती भुरभुरा. गोंदाने माती दोन छटा गडद होते, म्हणून वाळल्यावर फिक्या राखाडी-तपकिरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. चाकोरीच्या जागी लालसर मुरूम तसाच गाळून वापरा. सप्टेंबर आहे हे विसरू नका: कडेच्या चारीत पाणी, चाकांवर ओला गाळ आणि वरच्या चिलखतावर कमी धूळ.

असल उत्तरचा रणगाडा असेल तर मात्र दाराबाहेरची माती घेऊ नका. पंजाबची माती गाळाची, फिकी आणि पिवळसर. सेंच्युरियनच्या पट्ट्यात आपली काळी माती दिसली की जाणकार लगेच ओळखतो.

सैनिक

१/३५ मध्ये १९४८ चे भारतीय सैनिक तयार मिळणं अवघड. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचा संच घ्या. ली-एनफिल्ड रायफल, ब्रेन गन आणि कॅनव्हासचे पट्टे तेच होते. नळदुर्गला शीख पलटण होती, म्हणून काही डोक्यांवर पगडी बांधावी लागेल. हेल्मेट कापून डोकं गोल घासा. दोन घटकांची बारीक पोताची इपॉक्सी पुटी पावडर लावलेल्या काचेवर लाटून दोन मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड पट्ट्या काढा. कपाळाच्या मध्यापासून सुरू करून एक डावीकडून, एक उजवीकडून, अशा पाच पट्ट्या एकावर एक चढवा. प्रत्येक घडीची कड ओल्या सुईने दाबा. एम-सील इथे चालत नाही. तिचा पोत भरड असतो आणि उन्हाळ्यात ती घडी पडण्याआधीच घट्ट होते. भेगा बुजवायला ती छान आहे.

आपल्या माणसांचा रंग किटवरच्या ‘फ्लेश’ने येत नाही, सगळे गोरे साहेब दिसतात. बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर दोन आणि पांढरा एक, असा पाया घ्या आणि प्रत्येक सैनिकासाठी थोडा बदला. डोळे आधी रंगवा, पांढऱ्याऐवजी फिक्या राखाडीने. बुबुळाचा ठिपका वरच्या पापणीला टेकलेला हवा. तो मधोमध आला की माणूस दचकल्यासारखा दिसतो.

जत्रेत मिळणारे मऊ सैनिक पॉलिथिलिनचे असतात. त्यांना ना सिमेंट धरतं, ना फेव्हिक्विक, आणि संगीन वाकली की रंगाचा पापुद्रा उडतो. साबणाने धुवा, फेव्हिकॉलच्या पातळ पाण्याचा एक थर द्या आणि मगच अ‍ॅक्रिलिक लावा.

शिशाचे जुने सैनिक हाती आले तर हात धुतल्याशिवाय जेवू नका, आणि लहान मुलांना ते देऊच नका. जुना मूळ रंग फिका असला तरी तसाच ठेवा. पुन्हा रंगवलेल्या सैनिकाचं संग्राहकाच्या लेखी मोल निम्म्याहून खाली येतं. त्यांचा खरा शत्रू लाकडाची वाफ आहे. नवं लाकूड, एमडीएफ, प्लायवुड आणि पुठ्ठा यांतून आम्ल हवेत सुटतं. बंद कपाटात ते साठलं की शिशावर पांढरी भुकटी धरते आणि सैनिक आतून पोखरतो. भुकटी दिसली की तो सैनिक ताबडतोब वेगळा काढा. ती फुंकू नका, कारण ती विषारी आहे. शिशासाठी लोखंडी चौकट आणि काच एवढंच असलेलं कपाट घ्या.

कपाट

पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको, ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. काचेच्या दारांच्या फटींना फोमची पट्टी लावा, आपल्याकडच्या धुळीला तेवढी फटही पुरते. शिशाच्या कपाटाला मात्र थोडी हवा खेळती ठेवा. दिवे एलईडीचे आणि कपाटाच्या बाहेर. रिकामे डबे आणि सूचनापत्रं पलंगाखाली ठेवलीत तर वाळवी आणि कसर लागते. ती प्लास्टिकच्या झाकणाच्या पेटीत, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. धूळ झाडायला मेकअपचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा वापरा, ओलं फडकं कधीच नको.

प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करा: कधी घेतली, किट कोणतं, कोणत्या रंगात काय प्रमाण मिसळलं, पट्टा व्हिनाइलचा की कडक. पुढे तोफेची नळी तुटली आणि जागच्या जागी रंग मिसळायचा झाला, तर एक्सएफ-६२ चार भाग, एक्सएफ-६० एक भाग ही ओळ वहीत सापडली पाहिजे. व्हिनाइल पट्ट्यांच्या नोंदीपुढे तांबडी खूण करा, आणि ती मॉडेल्स दरवर्षी पावसाळा सुरू झाला की बाहेर काढून चाकं चिकटायला लागलीत का ते पाहा.